पहिल्या कुस्तीचं इनाम

आमच्या भागात कुस्ती खेळणाऱ्या शाळकरी पोराला वर्षात दोन हंगाम सांभाळावे लागतात. एक शाळेचा, दुसरा गावाचा. शाळेचा हंगाम श्रावणाच्या आगेमागे सुरू होतो आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत थंडीपर्यंत चालतो. गावाचा हंगाम चैत्रात भरात येतो आणि वैशाखाच्या उन्हात संपतो. शाळेच्या हंगामात मॅट असते, वजनकाटा असतो, गुणफलक असतो. गावाच्या हंगामात माती, हलगी आणि पंचक्रोशीतली माणसं. कस एकाच पोराचा लागतो, त्याच्या मागं उभं राहणारं गावही एकच. तरी या दोन हंगामांत गावाचा हात सारखा सैल सुटत नाही. ही गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस घोळते आहे.

आमच्या जुन्नर तालुक्यातला आळेफाटा म्हणजे पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर या दोन महामार्गांची चौफुली. माळशेज चढून आलेली गाडी इथं थांबते, पारनेरचा माणूस इथं उतरून नाशिकची एसटी धरतो, कांद्याच्या लिलावाच्या दिवशी पिकअप गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. आसपासच्या शाळांचे कुस्तीसंघ बाहेरगावी निघतात तेही इथूनच. क्रीडाशिक्षकांच्या काखोटीला जन्मतारखेच्या दाखल्यांची फाइल, पोरांच्या पाठीवर शाळेचीच दप्तरं, दप्तरात बूट, टॉवेल आणि घरच्या भाकरी. स्टँडवर त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. कान मोडलेला एखादा म्हातारा तेवढा जवळ येतो, एकाच्या दंडाला हात लावून पाहतो आणि विचारतो, “कुणाचा रं तू? वस्ताद कोण तुझा?”

या रस्त्याला पैलवान नवे नाहीत. उत्तरेला जुन्नरला लागून अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळण्याच्या हर्षवर्धन सदगीरनं 2020 च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. दक्षिणेला मंचर ओलांडलं की खेड तालुका लागतो. तिथल्या राक्षेवाडीच्या शिवराज राक्षेनं 2023 मध्ये जानेवारीत पुण्याला आणि नोव्हेंबरात धाराशिवला, अशी एकाच वर्षात दोनदा ती गदा जिंकली. धाराशिवच्या अंतिम कुस्तीत त्याच्यासमोर सदगीरच होता, आणि दोघंही पुण्यात कात्रजच्या काका पवारांच्या तालमीत घडलेले. आमच्याकडची पोरं ही नावं देवाच्या नावासारखी घेतात. पण मी त्यांच्याकडे पाहतो तेव्हा मला कात्रजच्या आधीची वर्षं दिसतात. मोठ्या तालमीत जायच्या आधी प्रत्येक पोराला कुणीतरी पहिल्यांदा मातीत उतरवलेलं असतं, त्याच्या दुधाची सोय केलेली असते, त्याला एसटीत बसवून तालुक्याच्या स्पर्धेला नेलेलं असतं. ती वर्षं गावाची असतात, शाळेची असतात, आणि त्यांचा हिशोब कुठल्याही गदेवर कोरला जात नाही.

शाळेच्या हंगामाची खरी सुरुवात आमच्याकडे ओतूरला होते, असं मी मानतो. मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथं तांदळाच्या पिंडी घडवतात, पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी दोन, अशा चढत्या. यात्रा भरते, आणि यात्रेबरोबर कुस्त्यांचा हगामा. श्रावणी सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाची असते, त्यामुळे दप्तरासकट आलेली पोरंही आखाड्याच्या कडेला बसलेली दिसतात. त्यातली काही पाहायला आलेली असतात आणि काही आत लंगोट घालूनच.

हगाम्यात लहान पोरांच्या कुस्त्या आधी होतात. पूर्वी त्या रेवड्यांवर व्हायच्या, मग नारळावर, आता दहा-वीस-पन्नास रुपयांवर होतात. मोठ्या कुस्त्या बघायला आलेली माणसं अजून जागा धरत असतात, चहा पीत असतात. मला मात्र हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात जोड लावली जाते. एखादा जाणता माणूस पोराचा हात वर धरून त्याला आखाड्याभोवती फिरवतो आणि विचारतो, “हाये का कुणी याला जोड?” गर्दीतून दुसरं पोरगं पुढं येतं. दोघांना शेजारी उभं करतात. खांद्याला खांदा लावून बघतात, मनगट दाबतात, पोटऱ्या बघतात. कुणी म्हणतं, हा भरीव आहे, नको. कुणी म्हणतं, उंचीनं तो जास्त आहे पण हा खेळलेला आहे, लावा. दोन गावांची माणसं यावर वाद घालतात, तोही मनापासून. एकाचं पोर उगाच दुसऱ्या दांडग्या पोराखाली सापडू नये, ही काळजी दोन्हीकडच्या माणसांना असते. डोळ्यात भीती दिसलेल्या पोराला पाठीवर थाप मारून परत बसवलेलंही मी पाहिलं आहे. त्याला कुणी हसलं नाही. “पुढल्या सोमवारी ये,” एवढंच म्हणाले.

मग हलगी वाजते, माती अंगाला लावून पोरं भिडतात. जिंकलेलं पोरगं पंचांच्या हातचं इनाम घेतं आणि आखाड्याच्या कडेनं एक फेरी मारतं. लोक बसल्या जागेवरून हात पुढं करतात. कुणी दहाची नोट देतो, कुणी वीसची. देणाऱ्याला ते पोरगं कुठल्या गावचं, कुठल्या घरचं हे ठाऊकही नसतं. चांगला पट काढला, ढाक चांगली लागली, एवढ्यावर तो खिशात हात घालतो. दमदार लढून पडलेल्या पोरालाही पुष्कळदा असंच काहीतरी मिळतं. घरी गेल्यावर पोरगं त्या चुरगळलेल्या नोटा आईच्या हातात देतं. आईचा त्याच्या कुस्तीला असलेला निम्मा विरोध त्या दिवशी मावळतो.

श्रावण सरता सरता शालेय स्पर्धा लागतात आणि चित्र बदलतं. इथं जोड काटा लावतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे तीन वयोगट, प्रत्येक गटात वजनं ठरलेली. पहाटेपासून उपाशी असलेली पोरं काट्यावर चढतात. दोन-तीनशे ग्रॅम जास्त भरले की मैदानाला फेऱ्या मारायला पळतात. वाढत्या वयाच्या पोरांना वजन उतरवायला असं सुकवणं मला मान्य नाही आणि समजदार वस्तादही ते करू देत नाहीत. पोरगं ज्या वजनाचं आहे त्याच वजनात त्याला खेळवावं, हरलं तर हरलं.

मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालू शकते. मॅटवर घड्याळ असतं. खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. मातीत वाढलेलं आमचं पोरगं दम धरायला, रेटायला, समोरच्याला थकवायला शिकलेलं असतं. मॅटवर त्याचा अंदाज येईपर्यंत समोरचं पोरगं दोनदा पायात शिरून गेलेलं असतं. सवय नसलेले गुडघे मॅटवर सोलतात, नवे बूट चावतात. तालुक्यात हे फारसं जाणवत नाही, कारण समोरचंही आपल्यासारखंच असतं. जिल्ह्याला जाणवतं. विभागाला तर फारच, कारण पुणे विभागात सोलापूर आणि अहिल्यानगर हे दोन्ही कुस्तीचे जिल्हे येतात, आणि पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांचे संघही असतात, जिथल्या पोरांना रोज मॅट मिळते. प्रत्येक वजनात पहिला आलेलाच पुढं जातो. दुसऱ्याची वाट तिथंच संपते.

या सगळ्यात मला शिकवून गेली ती संघाची गोष्ट. कुस्ती एकट्याची असं आपण म्हणतो, आणि आखाड्यात ते खरंही आहे. सरावात मात्र एकटा पैलवान काहीच करू शकत नाही. त्याला रोज अंगाला अंग लावायला जोडीदार लागतो, आणि तोही जवळपासच्या वजनाचा. शाळेत पस्तीस किलोचं एकच पोरगं असेल तर ते वाढत नाही. त्याच्या शेजारी अडतीसचं आणि एक्केचाळीसचं असेल तर तिघंही वाढतात. म्हणून जे पोर तालुक्याला पहिल्याच फेरीत हरतं, त्याचाही जिंकणाऱ्याच्या पदकात वाटा असतो. वर्षभर त्यानंच त्याचे डाव अंगावर झेललेले असतात. माझा पुतण्या अशा झेलणाऱ्यांपैकी आहे. जिल्ह्याला गेलेल्या मित्राच्या कुस्तीच्या वेळी तो कडेला उभा राहून जितका ओरडला, तितका स्वतःच्या कुस्तीत त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. ओरडत होता तेही डावांची नावं घेऊन: “पट धर, पट! आता फिर, घिस्सा मार!” मित्रानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती कुस्ती त्यानं जिंकली.

सराव होतो तोही लोकांच्या जिवावर. शाळेत एक क्रीडाशिक्षक, त्यांच्याकडे कबड्डी, खो-खो, धावणं, लेझीम, सगळं. कुस्ती शिकवतो तो गावातला वस्ताद, जो दिवसभर स्वतःच्या उसात नाही तर टोमॅटोत असतो. संध्याकाळी अंगावरची धूळ न झटकता तो तालमीत येतो. फी हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायची सोय नाही. पोरांकडून आधी माती उकरून घेतो. वर्षातून एकदा त्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर पडतो. हे सामान कुणाच्या घरून येतं याची यादी कधी केली जात नाही. ताक एका घरचं, हळद दुसऱ्या घरची, तेल एखाद्या दुकानदारानं दिलेलं. मग जोर, बैठका, आणि मग लढती.

पहाटेचं धावणं मात्र आमच्याकडे आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके ज्या जुन्नर वनविभागात येतात, तिथं उसाचं रान आणि बिबट्या हे रोजचं जगणं झालं आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण उसात जन्मलेला बिबट्या उसालाच घर मानतो. अंधारात एकटं पोर धावायला पाठवायची कुठल्या आईची छाती होईल? म्हणून वस्तादानं वेळ बदलली. पोरं उजाडल्यावर, घोळक्यानं, डांबरी रस्त्यानं पळतात. दोन बाप आळीपाळीनं मोटरसायकल घेऊन मागं राहतात. उजाडल्यावर पळायचं म्हणजे शाळेला उशीर होतो, आणि पहिल्या तासाचे शिक्षक तो उशीर समजून घेतात. शाळेच्या कुस्तीसंघात किती माणसं असतात असं मला कुणी विचारलं तर मी या दोन बापांना आणि पहिल्या तासाच्या शिक्षकांनाही मोजीन.

मुलींचं तर सगळंच नवं आहे. 2016 साली साक्षी मलिकनं रिओला ब्राँझ जिंकलं, त्याच वर्षाच्या शेवटी ‘दंगल’ आला, आणि गावोगावच्या बापांच्या मनात काहीतरी हललं. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. आता हगाम्यात मुलींच्या कुस्त्या लागतात आणि गर्दी त्यांना मान देते. शाळेत मात्र अडचण जोडीदाराची आहे. एखाद्या वजनात तालुक्यात एकच मुलगी असते. ती न लढताच जिल्ह्याला जाते आणि तिथं पहिल्यांदा दुसऱ्या मुलीला भिडते. वर्षभर ती भावाशी किंवा चुलत भावाशी सराव करत असते. तिला कुस्ती येत नाही असं नव्हे. तिच्याबरोबर आणखी चार मुली मातीत उतरायला हव्यात, आणि त्या उतरतील अशी झाकलेली, स्वच्छ, दार असलेली जागा शाळेत हवी.

आता पैशाकडे येतो. इथं मला खाशाबा जाधव आठवतात, आणि ते केवळ पदकासाठी नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. 1948 साली लंडनला ते सहावे आले, आणि 1952 साली हेलसिंकीला त्यांनी ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला 1996 साल उजाडलं, लिअँडर पेसचं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा गावानं वर्गणी काढली, आणि ज्या राजाराम कॉलेजात ते शिकले होते तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक आणल्यावर कऱ्हाडपासून दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तिचं वर्णन आपण सगळेच करतो. मिरवणूक मोठी होती यात शंका नाही. पण खर्डेकरांनी घर गहाण टाकलं तेव्हा खाशाबांच्या हातात पदक नव्हतं. पदक येईलच याची हमीही कुणी दिली नव्हती. जिंकायच्या आधी दिलेला तो पैसा होता, म्हणून मला त्याचं मोल मिरवणुकीपेक्षा जास्त वाटतं.

आमचा चैत्र उलट चालतो. मुंबईच्या डबेवाल्यांत खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांतली माणसं पुष्कळ. चैत्रात ती गावच्या यात्रांसाठी सुट्टी घेतात आणि त्या दिवसांत मुंबईला डबा मिळत नाही. मुंबईकर येतात, पुण्या-चिंचवडला कारखान्यात असलेले येतात, माहेरवाशिणी येतात. पालखी, छबिना, बैलगाड्यांचा घाट, रात्री तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी हगामा. वर्गणीला कुणी मागं सरत नाही. जो गावात राहत नाही तो उलट जास्त देतो. देणाऱ्यांची नावं माइकवरून पुकारली जातात, वडिलांच्या स्मरणार्थ, आजोबांच्या स्मरणार्थ. मला हे मनापासून आवडतं. वर्षभर पांगलेलं गाव त्या दिवशी एका मातीच्या चौकोनाभोवती बसतं, भाऊबंदकीत बोलणं बंद झालेली दोन घरं शेजारी बसतात, जुन्या वस्तादांना फेटे बांधले जातात. कुस्ती नसती तर यातलं पुष्कळ काही मोडून गेलं असतं.

पण वर्गणीतला मोठा वाटा कुठं जातो ते पाहा. शेवटच्या कुस्तीला. त्या कुस्तीसाठी लांबून नामांकित पैलवान बोलावले जातात, इनाम मोठं ठेवलं जातं, हँडबिलावर त्यांचे फोटो छापले जातात. त्यांनीही घाम गाळलेला असतो, त्यांच्या इनामावर माझा आक्षेप नाही. हगाम्याची शान त्यांच्यामुळं वाढते आणि आमची पोरं त्यांना बघूनच स्वप्नं पाहायला शिकतात. प्रश्न बाकीच्या अकरा महिन्यांचा आहे. ज्या गावात शेवटच्या कुस्तीवर एवढा पैसा लागतो, त्याच गावच्या शाळेतली पोरं मॅट पहिल्यांदा पाहतात ती स्पर्धेच्या दिवशी. पूर्ण आकाराची मॅट बारा मीटर बाय बारा मीटरची असते आणि तिची किंमत लाखांत जाते, हे मला माहीत आहे. शाळा ती आपल्या खर्चातून घेऊ शकत नाही, वस्ताद तर नाहीच. गाव घेऊ शकतं. एका यात्रेत नाही जमलं तर दोन-तीन यात्रांत, आणि एका गावाला जड गेलं तर फाट्याच्या चारी बाजूंची चार-पाच गावं मिळून एक. आज एका शाळेत, उद्या दुसऱ्या शाळेत असा सराव फिरता ठेवता येईल. पोरं एसटीनं येतील, तेवढी सवय त्यांना आहे.

मॅट आली म्हणजे माती गेली, असं काही जुनी माणसं म्हणतात. त्यांची भीती मी समजू शकतो. पण खाशाबा मातीत घडले आणि हेलसिंकीला मॅटवर लढले. मातीनं दिलेली ताकद आणि चिवटपणा मॅटवर कामी यायचा असेल तर पोराला दोन्ही ठिकाणी पाय रोवता आले पाहिजेत. माती आपल्याकडे आहे, वस्ताद आहेत, दूध आहे, पळणाऱ्या पोरांच्या मागं मोटरसायकल चालवणारे बाप आहेत. कमी आहे ती एवढीच एक गोष्ट, आणि ती पैशानं मिळण्यासारखी आहे.

यात्रेच्या कमिट्या फाल्गुनात बसतात. मुंबईकर मंडळांची बैठक त्याच्या थोडी आधी होते. तुम्ही जुन्नर-आंबेगावातले असाल, आणि गावच्या यात्रेला वर्गणी देत असाल, तर या वर्षी पावती फाडताना एवढं मांडा: शेवटच्या कुस्तीच्या इनामाचा चौथा हिस्सा बाजूला काढून शाळेच्या कुस्तीच्या नावे जमा करायचा, त्यातून मॅटसाठी रक्कम साठवायची, आणि मुलींच्या सरावासाठी एक खोली झाकून घ्यायची. ज्या नामांकित पैलवानाला तुम्ही बोलावणार आहात त्यालाही हे सांगा. तोही कधीतरी कुठल्या तरी शाळेकडून तालुक्याला खेळलेला असेल; तो नाही म्हणणार नाही.